तुपाची वाटी आणि रोजची पोळी

कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. देवा, कोरडी खाऊ नको, तूप लावून देतो. मी टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या ज्या शेडमध्ये आधी दर रविवारी आणि निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीनदा जाते, तिथे तुपाची वाटी घेऊन येणाऱ्यांना तोटा नाही. पोळी भाजणारे मात्र मोजून चार आहेत. त्यातले एक पगारी.

शेड पुण्याबाहेर आहे. वर पत्रा, खाली कोबा, जाळीचे कप्पे, एक बोअर आणि एका बंद पडलेल्या हॉटेलातून आलेला डीप फ्रीजर. इथे फक्त मोठी कुत्री घेतात: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, मॅस्टिफ, थोराड जर्मन शेफर्ड. हस्की तसा मध्यम चणीचा, पण रात्री त्याने गळा काढला की त्याला मोठ्यांतच धरावं लागतं. यांतलं एकही रस्त्यावर जन्मलेलं नाही. प्रत्येकाचे कुणीतरी, कधीतरी, खणखणीत पैसे मोजलेले आहेत. पाच हजारांची पावती फाडायला दहा वेळा विचार करणारा माणूस चाळीस हजारांचं पिल्लू एका दुपारीत घेऊन येतो, हे मी बँकेच्या काउंटरवर बसून पुष्कळदा पाहिलंय. वैयक्तिक कर्जाच्या अर्जावर कारण मात्र 'घरगुती'.

गावठी कुत्र्याबद्दल आपण भांडतो, निदान बोलतो तरी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात टाका म्हटलं, ११ दिवसांत तो आदेश बदलला आणि नसबंदी-लसीकरण करून जिथून उचललं तिथेच सोडा म्हटलं. रेबीज झालेली आणि अंगावर येणारी तेवढी वगळली. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवण्याचा आदेश आला. प्रत्येक वेळी वाहिन्यांवर दोन तट पडले. त्या सगळ्या गलक्यात टाकून दिलेल्या मोठ्या कुत्र्याचं नाव कुणी काढलं नाही, कारण तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम रस्त्यावरच्या कुत्र्याला 'सामुदायिक प्राणी' म्हणतात आणि नसबंदीनंतर त्याच्या जागी परत सोडायला सांगतात. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची. आता मालकच पळाला तर? डेनला त्याच्या 'जागी' सोडायचं म्हणजे कात्रज बायपासच्या दुभाजकावर? गावठी कुत्रं रस्ता ओलांडायला, कचऱ्यातून निवडून खायला, दुसऱ्या टोळीला वळसा घालायला आईकडून शिकतं. सोफ्यावर वाढलेला डेन गाडी आली की गाडीकडे जातो. त्याला वाटतं, आपलीच आली.

सेंट बर्नार्डचं तर विचारूच नका. आल्प्समधल्या ज्या खिंडीतल्या मठात ही जात घडली, ती २,४६९ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्या बर्फासाठी अंगावर चढवलेली दुहेरी लोकर घेऊन हा प्राणी पुण्यात ४० अंशांच्या एप्रिलमध्ये धापा टाकत उभा असतो. गेल्या उन्हाळ्यात असाच एक हायवेवरच्या धाब्यामागे बांधलेला सापडला. पोटाखालची लव गुठळ्या होऊन कातड्याला चिकटली होती. ती कातरताना आत ओलं लागलं, आणि मग वास आला. जखमेत किडे पडले होते. दोघींनी मिळून अडीच तास चिमट्याने ते काढले. एवढं ६० किलोचं जनावर पूर्ण वेळ माझ्या मांडीवर डोकं टाकून पडलं होतं. मांडीला दोन दिवस मुंग्या येत होत्या.

हे सांगितलं की लोक हळहळतात आणि म्हणतात, 'तुमचं खरंच मोठं काम आहे हो, आम्हाला एवढं मन घट्ट करता येत नाही.' मला इथे थांबवावंसं वाटतं. मन घट्ट करण्याचा यात फार थोडा भाग आहे. हे काम हमालीचं आहे, आणि हमाली कुणालाही शिकता येते.

हिशेबच मांडते. गोचीडताप आमच्याकडे बारमाही. त्यावरचं नेहमीचं औषध डॉक्सीसायक्लिन: किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. १० किलोच्या गावठीला १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी लागते. ६० किलोच्या डेनला ६. म्हणजे एका कुत्र्याच्या एका आजारपणाला १६८ गोळ्या, आणि त्या रोज, न चुकवता, थुंकू न देता, पोटात अन्न असताना गेल्या पाहिजेत. भूल वजनावर, जंताचं औषध वजनावर, खाणं वजनावर. चालता न येणाऱ्या डेनला क्ष-किरणासाठी न्यायचं तर जाड चादरीची झोळी, चार माणसं आणि टेम्पो. रिक्षावाला दुरूनच हात करतो. नुसता कोबा असला तर मोठ्या कुत्र्याच्या कोपरांना घट्टे पडतात, घट्ट्यांत पाणी धरतं, मग पू. म्हणून आम्हाला जुन्या गाद्या हव्या असतात. नवी खेळणी नकोत, जुन्या गाद्या. डेनची शेपटी हा वेगळाच विषय: आनंदाने हलवतो आणि अरुंद कप्प्याच्या भिंतीवर आपटून टोक फोडून घेतो. सकाळी दार उघडावं तर चारही भिंतींवर रक्ताचे फराटे आणि मध्ये हा, हसतमुख, पुन्हा शेपटी हलवतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी खून केला.

आणि पोटफुगी. छाती खोल असलेल्या या जातींत पोट वाऱ्याने फुगून आतल्या आत पीळ घेतं. कुत्रं ओकायला करतं, बाहेर फक्त लाळ येते, पोट डग्ग्यासारखं वाजतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तर वाचतं. हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. हा कुत्रा एरवी कसा उभा राहतो हे ज्याला माहीत आहे असा माणूस रात्री नऊ वाजता तिथे हजर असावा लागतो. महिन्यातून एकदा येणारा, कितीही प्रेमळ असला तरी, इथे आंधळा. म्हणून माझं मत असं झालंय की वर्षाला १० हजार देणाऱ्यापेक्षा दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास देणारा आम्हाला मोलाचा. पैसा नको असं नाही. गोळ्या फुकट येत नाहीत. पण पैशाने मंगळवार विकत घेता येत नाही.

स्वयंसेवक म्हणून येणाऱ्यांचे जे नमुने दिसतात त्यांवर एक स्वतंत्र लेख होईल. कॉलेजची मुलं येतात, त्यांना तासांचं प्रमाणपत्र हवं असतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. निम्मी सहीसाठी येतात आणि त्यांतली एखादी सही झाल्यावरही येत राहते. आमच्या चौघांतली एक अशीच चिकटली. कंपन्यांची 'सेवा दिवसा'ची बस येते तेव्हा मात्र पोटात गोळा येतो. एका रंगाचे तीस टी-शर्ट, प्रत्येकाला रॉटवायलरबरोबर फोटो हवा. त्या रात्री अर्धी कुत्री जेवत नाहीत, एखाद्याला जुलाब होतात. तीस जणांना झाडायला दिलं तर तीन खराटे असतात. एका कंपनीला आम्ही सांगितलं, बस नको, त्या दिवशीच्या भाड्यात पत्र्याखाली तट्ट्या लावून द्या. त्यांनी लावून दिल्या. एप्रिलमध्ये आत बराच फरक पडला. फोटो अर्थात तट्ट्यांचे आले, ते कुणी टाकले नसावेत.

जे खरंच यायला तयार असतात त्यांना आमचे काका (पगारी म्हटलं ते हेच) पहिले दोन महिने कुत्र्याला हात लावू देत नाहीत. आधी रेबीजची आगाऊ लस घेऊन या, मग भांडी घासा, मग कप्पा धुवा, मग दाराबाहेर बसून नुसतं वर्तमानपत्र वाचा. 'त्याला तुमचा वास पाठ होऊ दे.' यावर बरेच जण गळतात. गळू द्यावेत. मार खाल्लेला मॅस्टिफ प्रेमाने घातलेली मिठी आणि झडप यांत फरक करत नाही, आणि त्याने चावा घेतला तर शिक्षा त्यालाच होते. मुसकं बांधता येणं, पट्टा मनगटाला न गुंडाळणं, ताटलीजवळ हात न नेणं, हे प्रेमाआधी यायला हवं.

दुसरी गोष्ट येते ती नकार देणं. संस्थेच्या कामातलं हे सगळ्यात कठीण, आणि आपल्याकडे भिडस्त माणसांना अजिबात न जमणारं. एक गृहस्थ आले, मुळशीकडे फार्महाउस, रॉटवायलर हवा. एरवी तिथे कोण राहतं? कुणी नाही, म्हणून तर कुत्रा हवा. साखळी लांब आहे, काळजी करू नका. मी नाही म्हटलं. त्यांनी मोठी देणगी पुढे केली, मी पुन्हा नाही म्हटलं, आणि पुढचे दोन आठवडे फ्रीजर निम्मा रिकामा असताना रोज रात्री स्वतःशी भांडले. तसाच नकार येणाऱ्या कुत्र्यांनाही द्यावा लागतो. कप्पे भरले की भरले. जी संस्था 'जागा नाही' म्हणू शकत नाही ती दोन वर्षांत कोंडवाडा होते: एका कप्प्यात तीन, मारामाऱ्या, खरूज, आणि देणग्यांसाठी रोज नवा रडका व्हिडिओ. असे कोंडवाडेही मी पाहिलेत. स्वयंसेवकाने पहिल्या महिन्यातच हिशेबाची वही मागावी. दाखवायला खळखळ केली तर तिथून सरळ घरी यावं.

माणसं उपाशी असताना कुत्र्यांवर हा खर्च कशाला, हा प्रश्न मला दर दिवाळीला एक तरी नातेवाईक विचारतो. प्रश्न वाईट नाही. पण तो चाळीस हजारांचं पिल्लू घेणाऱ्याला कुणी विचारत नाही, ते त्याने सोडून दिल्यावर उचलणारीला विचारतात. श्रीमंतीची हौस एकाने केली, तिची उधारी दुसऱ्याने फेडायची, आणि वर उत्तरही त्यानेच द्यायचं. जुनी बँकवाली आहे मी. बुडवणाऱ्याला सोडून जामीनदाराला धरणं मला नवीन नाही.

इथेच माझं संस्थांशी, म्हणजे आमच्याच माणसांशी, भांडण आहे. आपण उचलतो, बरं करतो, घर शोधतो, पुन्हा उचलतो. आपल्या हमालीमुळे विकणारा आणि टाकणारा दोघेही निर्धास्त. नको झालं तर 'ते लोक' आहेतच. आपण नकळत त्यांची फुकटची परतावा खिडकी झालो आहोत. काम सोडा असं मी म्हणणार नाही, कप्प्यात उभं असलेलं कुत्रं धोरण बदलेपर्यंत उपाशी राहू शकत नाही. पण नुसती पोळी भाजून भागणार नाही. पोळी कुणी पळवायला लावली हेही लिहून ठेवायला हवं.

कायदा काय म्हणतो पाहा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार प्राणी टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड: १० ते ५० रुपये. दशकं उलटली, आकडा तोच. सारसबागेसमोर भेळ खाल्ली तरी त्याहून जास्त जातात. २०१७ चे पैदास आणि विक्रीचे नियम त्यामानाने नेटके आहेत: पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप बसवायची, कुणाला विकलं त्याची नोंद ठेवायची. हे सगळं पाळलं गेलं असतं तर आमच्या प्रत्येक कुत्र्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं की पत्ता निघाला असता. यंत्र आम्ही घेतलंय. ते मुकंच राहतं.

आणि सरकारला जाग आली तेव्हा काय केलं? मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना परिपत्रक पाठवून रॉटवायलर, पिटबुल, मॅस्टिफ वगैरे २३ प्रकारच्या 'हिंस्र' कुत्र्यांची विक्री-पैदास थांबवायला सांगितलं, आणि आधीच पाळलेल्यांची नसबंदी करायला. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. संबंधितांशी पुरेशी चर्चाच झाली नव्हती. चावलेल्या माणसांचं दुःख खरं आहे, मोठ्या कुत्र्याचा चावा हा वेगळाच प्रकार असतो, हे मी हाताला आठ टाके घालून घेतलेली बाई सांगते. पण जातीवर बंदी घालून बेपर्वाईला आळा बसत नाही. त्या दिवसांत आम्हाला फोन आले ते असे: 'सरकार पकडणार म्हणे, घेऊन जाता का?' सहा वर्षं घरात मुलांबरोबर झोपलेला रॉटवायलर एका बातमीने हिंस्र झाला. बंदी आणायचीच तर ती विनानोंद विक्रीवर आणा. ऑनलाइन जाहिरातीतून, हायवेवर गाडीच्या डिकीतून, खोक्यात घालून जी विक्री होते तिच्यावर. चिपचा क्रमांक दाखवल्याशिवाय पालिकेचा परवाना नाही, आणि परवान्याशिवाय लस टोचली की डॉक्टरांनी पालिकेला कळवायचं, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. दंडाचा आकडा वाढवून तो पैसा कुत्रं सांभाळणाऱ्या संस्थेला द्यावा, हे तर शाळकरी पोरही सुचवेल.

मोठं कुत्रं हवंच असेल तर आपल्याकडे सोलापूर-सांगलीच्या माळावरचा कारवानी आहे, धनगरांच्या वाड्यांवरची राखणीची कुत्री आहेत, जी हे ऊन पिढ्यान्पिढ्या पीत आली आहेत, असं मी पूर्वी लोकांना सांगायची. आता सांगत नाही. कारवानीचीही फॅशन येऊ घातली आहे. मैलोगणती धावण्यासाठी घडलेलं ते जनावर दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं केलेलं मला पाहायचं नाही.

तर, यायचं असेल तर या. मुंबईत, नाशकात, नागपुरात, कुठेही जवळ अशी शेड असेलच. पण येताना एक वार ठरवून या, आणि कुत्र्यांशी खेळायच्या आधी आलेल्या कुत्र्यांच्या नोंदीची वही हातात घ्या. बँकेत ३१ वर्षं काढल्यामुळे आमच्याकडे ती माझ्याकडे आली. रकाने मीच आखले: तारीख, जात, वजन, अंदाजे वय, नसबंदी, चिप, कुठे मिळाला, कुणी आणला, पूर्वीचा मालक, विकणारा. शेवटचे दोन रकाने बहुतेक रिकामे. तरी थोडं थोडं काही उमटतं. एकाच तालुक्यातून आलेल्या, स्तन लोंबणाऱ्या, पाच-सहा वर्षांच्या माद्या एकापाठोपाठ एक वहीत आल्या की पैदाशीचा धंदा कुठे चाललाय आणि निकामी झालेली 'यंत्रं' कुठे टाकली जातात हे कळायला पोलीस लागत नाहीत. उद्या कुणी अधिकारी ऐकायला बसला तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे रडणं नको, कागद हवा. एका संस्थेची वही म्हणजे काहीच नाही. पाच जिल्ह्यांतल्या संस्थांनी एकाच नमुन्यात वही ठेवली तर तिला वजन येतं. हे काम शेडमध्ये न येताही करता येतं. कुत्र्याची भीती वाटणाऱ्यांनाही.

गेल्या महिन्यात एक डेन मादी आली. फिकट ज्वारीसारखा रंग, म्हणून काकांनी नाव ज्वारी ठेवलं. आणणारा तरुण चांगल्या घरचा, घाईत. म्हणाला, 'इथेच पुढे रस्त्यावर सापडली, कुणीतरी सोडलेली दिसते.' मी वजन घेतलं, सही घेतली. तो गाडीकडे निघाला तशी ती काकांच्या हातातला पट्टा ओढत त्याच्या मागे गेली, सगळ्यांना बाजूला सारून गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी जाऊन बसली, आणि दार उघडायची वाट पाहू लागली. तो काही बोलला नाही. मीही नाही.

वहीत 'कुठे मिळाली'च्या खाली मी लिहिलं: रस्त्यावर सापडली. आणि पुढे कंसात: गाडी ओळखते. गाडीचा नंबरही लिहून ठेवलाय.